बेटावर उतरावं का?

बंगालीत ‘गाङचिल’ असा एक शब्द आहे. गाङ म्हणजे नदी, चिल म्हणजे घार. पक्षी मात्र घार नाही. पाण्यावर भिरभिरणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांना बोलीभाषेत सरसकट हे नाव दिलं जातं, त्यात पक्षीशास्त्राच्या दृष्टीनं दोन वेगळे गट येतात. मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते आणि या शब्दापाशी कितीदा तरी अडले आहे. घार लिहावं तर पक्षी चुकतो, सीगल लिहावं तर नदी जाते, आणि कुरव लिहावं तर वाचक थबकतो. मराठीत गलला कुरव आणि टर्नला सुरय हे चांगले शब्द आहेत. पक्ष्यांच्या पुस्तकांत ते नियमानं छापले जातात, पण कथा-कादंबऱ्यांत ते क्वचितच दिसतात. (‘शंखचिल’ची अडचण याहून वाईट. ती आपली ब्राह्मणी घार, पण नावातला शंख बघून तिला समुद्रपक्षी करण्याचा मोह अनेकांना होतो.)

शब्दकोशात हा प्रश्न सुटेना म्हणून मी समुद्रपक्षी बघायला जाऊ लागले, आणि तिथं एक वेगळाच प्रश्न माझ्यासमोर आला. तो शब्दाचा नव्हता. त्या पक्ष्यांच्या किती जवळ जायचं, आणि जायचं ते कुणासाठी, असा होता.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याच्या वायव्येला, निवतीच्या समोरच्या समुद्रात काळ्या खडकांचा एक पुंजका आहे. नकाशावर त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, त्यातल्या मोठ्या बेटाला बर्न्ट आयलंड. दीपगृह आहे, माणसांची वस्ती नाही. झाडं नाहीत, वाळूची चौपाटी नाही, होडी लावायला सोयीची जागा नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पुढं पावसाळ्यात तिथं सुरय अंडी घालतात. मोठा तुरेवाला सुरय उघड्या खडकावर दाटीवाटीनं बसतो, इतक्या दाटीनं की एकाची चोच शेजाऱ्याला लागेल. ब्रायडल्ड टर्न, म्हणजे डोळ्यांपासून चोचीकडे काळी रेघ असलेला सुरय, कपारीत किंवा दगडाच्या आडोशाला एकच अंडं घालतो. घरटं म्हणावं असं काही नसतं. काडी नाही, कापूस नाही. दगड आणि अंडं.

या दोन महिन्यांचा योग पाहण्यासारखा आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधीच समुद्र फुगायला लागलेला असतो आणि जुन्या रिवाजाप्रमाणं नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या राहतात. म्हणजे पिल्लं वाढण्याचा बराचसा काळ माणूस तिथं जाऊच शकत नाही. सुरयांना हे ठाऊक असतं असं मी म्हणणार नाही. पण हजारो वर्षं जी बेटं पावसात दुर्गम राहिली तिथंच ही वसाहत टिकली, एवढं म्हणायला हरकत नसावी. उरतो तो मे महिना. सुट्ट्यांचा, डॉल्फिन बघायला निघालेल्या होड्यांचा आणि आमच्यासारख्यांचा.

चार वर्षांपूर्वी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सातजण निवतीहून निघालो. मोजणीचं काम होतं. बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूनं होडी सावकाश फिरत असताना आमच्यातला सर्वांत तरुण, चांगला छायाचित्रकार, मला म्हणाला, “ताई, पाच मिनिटं. फक्त कड्यापर्यंत जाऊन येतो. कॉलनी इथून दिसतच नाही.” तांडेलानं इंजिनाचा आवाज कमी केला नाही. मागं वळून एवढंच म्हणाला, “तुमी उतारलास तर पाखरां उठतली. उठली काय अंडी तापतत.”

हे वाक्य कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेतल्या परिच्छेदापेक्षा नेमकं आहे. आपण समजतो की पक्षी अंड्याला ऊब देण्यासाठी बसतो. मेमधल्या काळ्या खडकावर तो बसतो तो प्रामुख्यानं सावली देण्यासाठी. सुरय पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यावर बसतात, अशी निरीक्षणं जगभरातून नोंदलेली आहेत. अशा जागी वसाहत एकदम उठली की उन्हात अंड्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. शिवाय कावळे आणि कुरव अशा संधीची वाटच पाहत असतात. उठलेले पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडतात, ते दृश्य फार देखणं दिसतं. समुद्रपक्ष्यांची पुष्कळशी प्रसिद्ध छायाचित्रं मुळात या घबराटीची छायाचित्रं आहेत. भारतातल्या अनेक पक्षीमंडळांनी घरट्यांचे फोटो न स्वीकारण्याचं धोरण ठेवलं आहे ते याचसाठी.

तरीही त्या मुलाचा मुद्दा हलका नव्हता. परतताना तो जे म्हणाला त्याचा सारांश असा: लोकांनी पाहिलंच नाही तर त्यांना त्याचं काय? वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना हजारो माणसांनी पाहिली म्हणून गावाला ती राखावीशी वाटली. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी कोण भांडणार?

मला याचं उत्तर तिथल्या तिथं देता आलं नाही. वेळासचं उदाहरण खरं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथं काम सुरू केलं, अंडी सुरक्षित जागी हलवली, गावकऱ्यांना त्यात घेतलं आणि पुढं कासव महोत्सवानं घराघरात चार पैसेही आणले. फरक एवढाच की कासवीण अंडी घालून निघून जाते. बघणाऱ्याच्या आणि पिल्लाच्या मध्ये आई उभी नसते. सुरयांच्या वसाहतीत आई किंवा बाप मध्ये बसलेला असतो, आणि आपण आलो की तोच उठतो.

पण त्या मुलाला द्यायचं खरं अवघड उदाहरण वेळासचं नव्हतं. ते त्याच खडकावर होतं. बर्न्ट आयलंडच्या अंधाऱ्या गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. हा पक्षी टकटक आवाज काढत, प्रतिध्वनीवरून वाट काढत अंधारात उडतो आणि लाळेनं भिंतीला वाटीसारखं घरटं चिकटवतो. तीच ती खाण्याची घरटी, ज्यांना पूर्व आशियाच्या बाजारात मोल आहे. या शतकाच्या सुरुवातीला याच संस्थेच्या कार्यकर्त्यांना गुहेत घरटी चोरण्यासाठी उभारलेल्या बांबूच्या परांच्या सापडल्या. वनखात्याच्या मदतीनं कारवाई झाली, मग हंगामात लक्ष ठेवणं, मोजणी करणं सुरू झालं. घरटं काढलं की पाकोळी पुन्हा लाळ गाळून दुसरं बांधते. तेही काढलं तर तिसरं. तिचा हंगाम असा निघून जातो. तिथं सभ्य माणसं दूर राहिली, आणि त्या दूर राहण्याचा फायदा फक्त चोरांना झाला.

तेव्हा ‘निसर्गाला एकटं सोडा’ हे जे आपण मोठ्या शहाणपणानं म्हणतो, ते अर्धवट आहे. एकाच बेटावर, शंभर-दोनशे पावलांच्या अंतरावर, एका पक्ष्याला माणूस यायला हवा आहे आणि दुसऱ्याला तो नको आहे. वरच्या खडकावर न जाणं हे कर्तव्य, आणि खालच्या गुहेपाशी जाणं हेही कर्तव्य. आपल्याला पक्ष्यांविषयी काय वाटतं याचा या हिशेबात कुठं संबंधच येत नाही. प्रेम दोन्हीकडे सारखंच असू शकतं. छायाचित्रकार मुलाचं माझ्यापेक्षा जास्तच असेल.

आपल्या आधी जे तिथं उतरले त्यांचं काय, हाही प्रश्न राहतोच. या खडकांवर सुरय वीण घालतात हे मला माहीत आहे, कारण कुणीतरी जाऊन पाहिलं. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७०च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावरून लक्षद्वीपपर्यंत गेला तेव्हा इथं थांबला होता. तोच ह्यूम, ज्याचं नाव आपण १८८५च्या काँग्रेसच्या स्थापनेसोबत शाळेत पाठ केलं. त्याच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकानं भारतीय पक्षीशास्त्राचा पाया घातला. त्या काळात पाहणं म्हणजे बंदूक. पक्षी मारायचा, सोलायचा, चिठ्ठी बांधायची. त्यानं ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात कातडी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांच्या वर नमुने होते. पुढं थिऑसॉफीच्या प्रभावात तो शाकाहारी झाला आणि पक्षी मारणं त्यानं सोडलं. त्याचं कित्येक वर्षांचं हस्तलिखित सिमल्याच्या घरातून नोकरानं रद्दीत विकलं, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. १९४०च्या सुमारास हुमायून अब्दुलअलींनी याच खडकांवरच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. ते स्वतः शिकारी होते. १९५१चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता.

या मंडळींच्या उतरण्यावर माझं न उतरणं उभं आहे. हे मला अवघडल्यासारखं करत नाही. एकदा कळलेली गोष्ट प्रत्येकानं नव्यानं जाऊन कळवून घ्यायची नसते. त्यासाठीच तर लिहून ठेवतात. मात्र मोजणीची गोष्ट वेगळी. ती एकदा करून भागत नाही. संख्या घटते आहे की वाढते आहे हे दर काही वर्षांनी कुणीतरी बघायलाच लागतं, आणि परवानगी घेऊन, ऊन उतरल्यावर, दोनच माणसांनी, ठरलेल्या वाटेनं काही मिनिटांत जाऊन येणं यात मला चूक दिसत नाही. तिथं पावलाची किंमत कशासाठी मोजली जाते ते सांगता येतं. आमच्या होडीत त्या दिवशी ते सांगता येत नव्हतं. त्या मुलाला चित्र हवं होतं, मला माझ्या शब्दासाठी पक्षी जवळून बघायचा होता. दोन्ही हव्यासच, माझा जरा जास्त प्रतिष्ठित.

इथं माझ्या धंद्याचं एक गृहीतक मला तपासावं लागलं. अनुवादक असं धरून चालतो की दूरची गोष्ट जवळ आणणं हे मुळातच चांगलं काम आहे. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही यावर कितीतरी वाद घातले: दुसऱ्याला आपलंसं करताना त्याचं परकेपण पुसलं जातं का, ते राखावं का, किती राखावं. पण दूरच ठेवावं, अजिबात आणू नये, ही शक्यता कुणी गंभीरपणे मांडल्याचं आठवत नाही. कारण पुस्तक वाचकाची वाट बघत असतं. न वाचलेल्या कवितेत काहीतरी व्हायचं राहिलेलं असतं. सुरयांच्या वसाहतीत माझ्यावाचून काहीही व्हायचं राहिलेलं नाही. लक्षद्वीपमध्ये पक्षीपिट्टी नावाचं एक उघडंबोडकं बेट आहे, सव्वा हेक्टरच्या आसपास, गोड पाणी नाही, झाड नाही. तिथंही सुरय आणि नॉडी वीण घालतात आणि ते अभयारण्य आहे. मी ते कधी पाहिलेलं नाही आणि त्यामुळं ते कमी खरं झालेलं नाही, हे सांगताना इतकं उघड वाटतं; पण प्रवासाच्या जाहिरातींपासून साहित्यिक लेखांपर्यंत सगळीकडे आपण नेमकं उलट धरून चालतो.

शहाणपणाचा माझा दावा नाही, तो तांडेलाचा असेल. पण त्यालाही ऋषी करण्याची गरज नाही. किनाऱ्यावरची माणसं पक्ष्यांची अंडी खात आली आहेत, त्यात पापपुण्याचा विचार करण्याइतकी ऐपत सगळ्यांची नसते, आणि शहरातून दुर्बीण घेऊन आलेल्यानं त्यांना संयम शिकवणं मला सहन होत नाही. मी त्याला विचारलं होतं की पूर्वी कुणी अंडी आणायचं का. तो हसला आणि “मासे बरे,” एवढंच म्हणाला.

त्या दिवशी आम्ही होडीतून उडणारे पक्षी मोजले. तुरेवाले सुरय नीट मोजता आले, ब्रायडल्ड कमी, कारण ते कपारीत. तक्त्यात शेवटचा रकाना ‘घरटी’ असा होता, तिथं आम्ही ‘मोजली नाहीत’ असं लिहिलं. आठवड्यानं माहिती भरून घेणाऱ्या मुलीचा फोन आला. संगणकाला अक्षरं चालत नाहीत, आकडा हवा होता. तिनं विचारलं, “मॅडम, मग शून्य टाकू का?”

मी नको म्हटलं. शून्य आणि रिकामा यात काय फरक आहे हे तिला समजावायला दहा मिनिटं लागली. तिनं ते कसं भरलं, कोण जाणे.