संधिसाधू कोण?

भोकरदन तालुक्यांतील पिंपळगाव रेणुकाई हें मिरचीच्या बाजाराचें गांव. ठसक्याचें तेथें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु त्याच बाजारांत पोतीं उचलणारा एक मनुष्य महिनाभर खोकत राहिला, वाळत चालला, आणि त्यास एचआयव्ही असल्याची कुजबुज उठतांच 'कोणत्या कर्माचें हें फळ?' असा प्रश्न ओट्यावरील मंडळींत निघाला. त्या मंडळींत आम्हीही होतों, आणि आम्ही गप्प राहिलों. त्या मौनाचा हा हिशेब.

अशा रुग्णाच्या फुप्फुसांत शिरणाऱ्या रोगांस वैद्यकशास्त्र 'संधिसाधू' म्हणतें. ५ जून १९८१ रोजीं लॉस एंजेलिस येथील पांच तरुणांच्या न्यूमोनियाची वार्ता अमेरिकेंत छापली गेली व तिच्यावरून ह्या आजाराची जगास प्रथम चाहूल लागली. तो न्यूमोनिया एका बुरशीचा होता, आणि ती बुरशी बहुतेकांस बालपणींच भेटून गेलेली असते. आपल्याकडे अशा रुग्णांस अधिक ग्रासतो तो क्षय. त्याचे जंतु तर जगांतील सुमारें चतुर्थांश माणसांच्या देहांत शिरलेले आहेत. म्हणजे ओट्यावर बसून निवाडा करणारांच्या छातींतही तोच शत्रु निजलेला असूं शकतो. भेद शीलाचा नव्हे, पहाऱ्याचा आहे. रक्तांतील सीडी-४ पेशी घनमिलिमीटरला २०० च्या खालीं उतरल्या, कीं पहारा ढिला पडतो आणि बुरशीस वाट मिळते. क्षय तर त्याच्याही आधीं उठतो.

कोणी म्हणेल, कर्मफलाचा विचार सोडला तर नीतीचा धाक कसा उरेल? धाक मनुष्यास पापापासून दूर ठेवतो कीं नाहीं, हा वाद तूर्त राहूं द्या. तपासणीपासून मात्र तो त्यास खचित दूर ठेवतो. शिवाय पतीकडून व्याधि आलेल्या स्त्रीचें किंवा मातेकडून आलेल्या अर्भकाचें कर्म कोणतें? सरकारी केंद्रांतून २००४ पासून औषधें फुकट मिळूं लागलीं. नोकरींत, शिक्षणांत व उपचारांत अशा रुग्णास दूर लोटण्यास २०१७ च्या कायद्यानें मनाई केली. परंतु ओट्यावरील कुजबुजीपर्यंत कायद्याचा हात पोहोंचत नाहीं.

तो मनुष्य दवाखान्यांत गेला, पण फार उशिरां. जंतूनें संधि साधली हें खरें. परंतु ती त्यास दिली कोणीं? बोलणारांनीं दिली, आणि ऐकून गप्प बसणाऱ्या आम्हींही दिली.