अजून एक घास?

आपल्या हिंगोलीकडे आजाऱ्यावर माया करायची म्हणजे 'अजून एक घास घे' असा आग्रह धरायचा. पण मोटर न्यूरॉन आजारात स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या पेशी झिजतात. गिळण्याचे बळ जाते, खोकण्याचेही जाते. मग भाकरीचा कोरडा तुकडाच काय, साधे पाणीही श्वासनलिकेत उतरते. अशा वेळी आपण स्वतःला विचारावे, हा घास त्यांच्या भुकेसाठी की आपल्या समाधानासाठी?

रुग्णाला ताठ बसवून मऊ, लहान घास द्यावा आणि तो गिळेपर्यंत थांबावे. ठसका लागल्यास पाणी न पाजता पुढे झुकवून खोकू द्यावे. आवाजच फुटेना, श्वास अडला, तर पाठीवर खांद्यांच्या मधोमध जोराने थापा माराव्यात व १०८ ला फोन करावा.

गिळता न येणाऱ्याला ख्रिस्तसभा ख्रिस्तशरीराचा एक कण देते. तोही न जमल्यास पवित्र रक्ताचा थेंब. त्या कणात, त्या थेंबात संपूर्ण ख्रिस्त असतो, अशी आपली श्रद्धा आहे. प्रभू आजाऱ्यासाठी इतका लहान होतो, तर आपण आपला घास लहान करू या आणि धीर मोठा करू या.