वृक्षमातेची ममता

दीर्घायुष्याची वार्ता कानी आली की मनुष्य प्रथम वर्षे मोजू लागतो. दि. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी बंगळूर येथे सालुमरद तिम्मक्का यांनी देह ठेवला, तेव्हाही त्यांचे वय ११४ होते हीच गोष्ट आधी बोलली गेली. वस्तुतः केवळ पुष्कळ जगणे हे पुण्य नव्हे; वडाचे झाड त्याहून अधिक जगते.

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याच्या गुब्बी तालुक्यात या बाईंचा जन्म झाला. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. खाणीत मजुरी करून पोट भरावे लागले. हुलिकल गावच्या चिक्कय्यांशी विवाह झाला, परंतु संतती झाली नाही. खेड्यापाड्यांत अपत्यहीन स्त्रीला काय ऐकून घ्यावे लागते हे सांगावयास नको. त्या दुःखाने पोळलेल्या या दांपत्याने वाटेच्या कडेला वडाची रोपे लावण्यास आरंभ केला. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. गुरांनी खाऊ नयेत म्हणून भोवती काटेरी कुंपण घालावे, दिवसाची मजुरी आटोपून घागरींनी दूरवर पाणी वाहावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. हुलिकल ते कुदूर या चार-साडेचार किलोमीटरांच्या रस्त्यावर ३८५ वड उभे राहिले. कन्नड भाषेत 'सालुमर' म्हणजे झाडांची रांग. तेच त्यांचे उपनाम झाले.

तिम्मक्का या वडांना आपली मुले म्हणत. येथे साधकाच्या मनात शंका उठते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पुत्र, स्त्री, गृह यांविषयी अनासक्ती सांगितली आहे. मग ही ममताच नव्हे काय? केवळ तिचा विषय बदलला, पुत्राच्या जागी वृक्ष आला, एवढेच! कोणी याहून पुढे जाऊन म्हणेल की पंधराव्या अध्यायातील वृक्ष तर असंगाच्या शस्त्राने छेदावयाचा आहे. पण तो वृक्ष संसाराचा. त्यासाठी वाटसरूची सावली तोडावी असा अर्थ कोणी काढू नये.

पुत्रप्रेमात बहुधा एक गुप्त हिशेब दडलेला असतो. पुत्र म्हातारपणी सांभाळील, मागे पाणी देईल, नाव चालवील. वडांपाशी हा हिशेब चालत नाही. रस्ता सरकारचा, सावली पांथस्थाची, फळे पाखरांची. लावणाऱ्याच्या घरी त्यातले पानही जावयाचे नाही. तरीही उन्हाळ्यात डोक्यावर घागर आली ती प्रेमामुळेच. ज्याला रोपाविषयी काहीच वाटत नाही, तो त्याला पाणी घालीत नाही. तो आपल्या औदासीन्यालाच वैराग्य समजतो. गीतेत ज्याला लोकसंग्रह म्हटले आहे, तो अशा कोरड्या मनाने होत नाही. 'माझे' हा शब्द या बाईंच्या मुखी होता, पण त्या शब्दातला अधिकार गळून गेला होता आणि उरली होती ती चाकरी.

चिक्कय्या १९९१ साली निवर्तले. पुढे मानसन्मान आले. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. राष्ट्रपतिभवनात ती स्वीकारताना त्यांनी राष्ट्रपतींच्या मस्तकी हात ठेवून आशीर्वाद दिला. तेथील रीतीत ते बसत नव्हते, पण वृद्धेला रीत कोणी शिकवावी?

तथापि त्याच वर्षी रस्ता रुंद करण्यासाठी हे वड तोडले जाण्याची वेळ आली. तेव्हा या शतायुषी बाईंनी शासनाला विनविले की झाडे वाचवा. येथे प्रश्न खरा अवघड होतो. सर्व नश्वर आहे असे म्हणून स्वस्थ बसणारा विरक्त त्या क्षणी त्यांच्याहून थोर ठरला असता काय? त्यांचे मागणे स्वतःसाठी नव्हते हे खरे; पण आईचे काळीज त्यात नव्हतेच, असे कोण म्हणेल? शासनाने त्यांचे म्हणणे ऐकून दुसरा मार्ग पाहण्याचे आश्वासन दिले.