आंत येण्याची वाट आणि बाहेर पडण्याची वाट

दुकानाच्या दाराविषयीं नीतिशास्त्राला कांहीं बोलावयाचें असेल, अशी शंकाही सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. दार रुंद असावें कीं अरुंद, हा गवंड्याचा प्रश्न, असें आपण समजतों. परंतु ज्या दुकानांस भिंतीच नाहींत, केवळ संगणकाच्या पडद्यावरील चित्रें आणि बटणें आहेत, तेथें दार कसें बसवावें हा प्रश्न नीतीचा होतो, असें आम्हांस वाटतें.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. अमेझॉन या अमेरिकन कंपनीनें २००५ सालीं ‘प्राइम’ नांवाची वर्गणीची योजना सुरू केली. पुढें जून २०२३ मध्यें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें कंपनीवर फिर्याद केली. तींत असें म्हटलें होतें कीं, वर्गणी बंद करूं इच्छिणाऱ्यास ४ पानें, ६ वेळां बटण दाबणें आणि १५ पर्याय इतकें ओलांडावें लागे. व या वाटेस कंपनींतील लोकांनींच ‘इलियड’ असें नांव दिलें होतें. होमरचें तें काव्य दीर्घ युद्धाचें आहे. आमच्या वाचकांस मात्र अभिमन्यु आधीं आठवेल: व्यूहांत शिरण्याची विद्या त्याला होती, बाहेर पडण्याची नव्हती. युरोपीय आयोगाच्या आग्रहानें जुलै २०२२ मध्यें युरोपांतील गिऱ्हाइकांसाठीं ही वाट दोन बटणांवर आली. अमेरिकेंत ती एप्रिल २०२३ मध्यें बदलली. सप्टेंबर २०२५ मध्यें कंपनीनें दोष कबूल न करतां २५० कोटी डॉलरांवर तडजोड केली.

व्यापारी म्हणेल, ‘दाराला कुलूप तर नव्हतें, आणि निघालेल्या गिऱ्हाइकास थोडें थांबा म्हणण्याचा हक्क आम्हांस आहेच.’ हें खरें; परंतु मन वळविणें निराळें आणि थकविणें निराळें. मन वळविणारा आपल्या बुद्धीशीं बोलतो. थकविणारा आपल्या कंटाळ्यावर हिशेब मांडतो. जी संमति केवळ नकाराचा शीण नको म्हणून टिकते, ती संमति नव्हेच. शिवाय या शिणाचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. तरुण मनुष्य १५ पर्यायांतून वाट काढतो. दृष्टि अधू झालेल्या आजोबांची वर्गणी मात्र महिन्यामागून महिना कापली जाते.

अशा दुरुस्तीस ‘जुनी सोय नव्यानें घडविली’ असें म्हणण्याची चाल आहे. ती दिशाभूल करणारी आहे. जी वाट आज जाचक ठरली, ती नवी असतांनाही जाचकच होती. दोष काळाचा नसून हेतूचा असेल, तर नुसतें रूप पालटून भागत नाहीं.

आपल्या देशांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं अशा १३ युक्त्यांस मनाई केली. वर्गणीचा सापळा ही त्यांतीलच एक. हें योग्यच झालें. तथापि कायदा १३ मोजील, आणि चतुर मनुष्य चौदावी शोधील. म्हणून दार बसविणाऱ्यानेंच स्वतःस विचारावें: ज्याला आतां आपल्याकडून कांहीं नको आहे, त्यालाही आपण तितक्याच अदबीनें दार उघडून देतों काय? गिऱ्हाईक येतांना नम्र होण्यांत लाभ असतो. तें जातांना नम्र राहणें, हीच सचोटीची खरी कसोटी होय.