पत्ता नसलेली मुले



नाताळचे गोठे अजून आपल्या अंगणात आहेत, आणि आज पवित्र कुटुंबाच्या सणाला संत मत्तयच्या शुभवर्तमानातून आपण इजिप्तला निघालेले कुटुंब पाहतो. योसेफाला स्वप्नात इशारा मिळतो आणि तो बाळाला व त्याच्या आईला घेऊन रातोरात घर सोडतो. परक्या देशात त्यांना कोणी आसरा दिला, हे संत मत्तय सांगत नाही. हेरोद मेल्यावरही ते यहुदियात राहू शकत नाहीत, भीतीपोटी गालिलात जाऊन नाझरेथला बिऱ्हाड करतात. म्हणजे बाळपणीच्या पहिल्या वर्षांत प्रभू येशूला कायमचा पत्ता नव्हता.

आपल्या भागात दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात. पावसाळ्यात हातात पैसा नसतो, तेव्हा मालकाकडून बयाणा उचललेला असतो. तो फिटेपर्यंत विटा पाडायच्या. विटांचाच आडोसा रचून केलेल्या भोंग्यात राहायचे आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे. शाळा भरते जूनमध्ये, मूल उठते दिवाळीनंतर. गावच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते, पण भट्टीजवळच्या शाळेत ते कोणाच्याच यादीत नसते. अशी दोन-तीन वर्षे गेली की मूल शाळेचे राहत नाही, भट्टीचे होते. वाळत घातलेल्या विटा उलटायला लहान हात बरे पडतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

अमेरिकेत बेघर मुलांच्या शिक्षणासाठी १९८७ पासून वेगळा कायदा आहे. घर गेले तरी मूल जुन्याच शाळेत जाऊ शकते, त्याच्या जाण्यायेण्याची सोय करावी लागते, आणि अशा मुलांची चौकशी करणारा एक माणूस नेमलेला असतो. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदाही काही कमी स्पष्ट नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे आणि मागे पडलेला अभ्यास वेगळा शिकवायचा. वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवायचे नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी कार्ड काढले आहे, आणि मूल गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहेही चालवली जातात. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नलवरच्या मुलांची शाळा महापालिकेच्या साथीने २०१६ साली उभी राहिली. वसईच्या भट्ट्यांवर विधायक संसदेच्या कार्यकर्त्यांनी थेट भोंग्यातच शाळा भरवल्या होत्या. मुलाला शाळेपर्यंत येता येत नसेल तर शाळेनेच उठून जावे, इतका साधा तो विचार होता.

जिल्हा परिषदेच्या शाळांना नावे ठेवायची आपल्याला सवय आहे. पण भट्टीवर जाऊन शाळाबाह्य मुलांची मोजणी तिथलेच गुरुजी आणि बाई करतात, आणि चार महिन्यांसाठी आलेल्या मुलाला पाटी देऊन बसवून घेतात. निकालाचा टक्का घसरेल याची भीती त्यांनाही असते.

इथे आपल्यापुढे एक अडचणीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. त्या निकालाचा फेरविचार व्हावा असे न्यायालयाच्याच एका पीठाने २०२५ मध्ये म्हटले आहे. पुढे काय ठरेल ते ठरो. पण कायदा आपल्या दाराशी थांबला म्हणून कर्तव्यही तिथेच थांबते का? संत थॉमस अक्विनास न्यायाचा अर्थ सांगतो तो असा, की ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षण हा प्रत्येक माणसाचा हिरावून न घेता येणारा हक्क आहे, असे जाहीर केले. मग भट्टीवरच्या मुलाला नाताळात केक आणि जुने कपडे नेऊन दिले की आपण त्याचे देणे फेडले असे होत नाही. ते दान झाले, आणि दान चांगलेच आहे. वर्गातली जागा मात्र त्याचीच आहे.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता, असे संत लूक सांगतो. परदेशात दिवस काढलेल्या सुताराच्या मुलाला तिथे बसायला जागा मिळाली होती.

आपल्यापैकी काहींनी भट्टीसाठी जमिनी भाड्याने दिल्या आहेत, काहींची बांधकामे चालू आहेत. त्यांना विनंती, की या आठवड्यात आपल्या जागेवर सहा ते चौदा वयाची किती मुले आहेत ते मोजावे. नाव, मूळ गाव, शेवटची इयत्ता एवढे लिहून संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाच्या सभासदांकडे रविवारी मिस्सानंतर द्यावे. ते जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटतील. ज्या निवृत्त शिक्षकांना संध्याकाळचा एक तास देता येईल, त्यांनीही नावे द्यावीत. भट्ट्या पावसापर्यंतच आहेत, त्यामुळे हे काम जानेवारीतच सुरू व्हायला हवे.