गुडघ्याची वेळ

कबड्डीत चढाई करणारा खेळाडू पाय रोवून गर्रकन वळतो, आणि कधीकधी गुडघ्यातलं लिगामेंट तुटतं. शस्त्रक्रियेत तिथे बहुधा त्याच्याच शरीरातला स्नायुबंध बसवतात. पुढचं काम अगदी साधं दिसतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळायची, सोडायची. पुन्हा आवळायची. गुडघा आपल्या वेळेनं बरा होतो. गंमत अशी, की दुखणं आधी थांबतं, ताकद मागाहून येते. नवा बंध तर सुरुवातीच्या महिन्यांत उलट कमजोर होतो, मग हळूहळू घट्ट होतो. फसगत होते ती इथेच. चालता येतं, म्हणून मैदान खुणावतं. पण गुडघा आपल्या वेळेनं बरा होतो. आधी चालणं, मग सरळ धावणं. चढाई सर्वांत शेवटी, साधारण 9 महिने उलटल्यावर.