आधी कागद, मग पिस्तूल

'शोले'मधली आगगाडीवरची चकमक मुंबई-पुणे लोहमार्गावर, पनवेलजवळ चित्रित झाली आणि तेवढ्या एका प्रसंगाला सात आठवड्यांहून जास्त वेळ लागला. घोड्यांवरून पाठलाग करणारे डाकू, मालगाडीच्या टपावरची झटापट, बेड्या सोडवून चोरांच्याच हाती बंदूक देणारा इन्स्पेक्टर, हा सगळा ऐवज अमेरिकी वेस्टर्नचा आहे हे १९७५ च्या प्रेक्षकालाही कळत होतं. त्याच पनवेलजवळच्या पळस्प्यावर १८७९ च्या मे महिन्यात खराखुरा दरोडा पडला होता. वासुदेव बळवंत फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून आले, पळस्पे आणि चिखली लुटली आणि परत घाटमाथा गाठण्याच्या धडपडीत इंग्रजी फौजेच्या गोळीने मारले गेले. डोंगर, घोडी, लूट, पाठलाग, गद्दारीची भीती, सगळं काही होतं. तरी या हकिकतीची मराठीत वेस्टर्न झाली नाही. तिचा पोवाडा झाला, चरित्र झालं, शाळेचा धडा झाला. असं का व्हावं?

पुण्यातल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळणाऱ्याला लुई लामूर आणि जे. टी. एडसन नवे नाहीत. यातला एडसन काही काळ इंग्लंडातल्या एका लहानशा गावात टपाल वाटायचा आणि टेक्सासच्या काऊबॉयवर शंभराहून जास्त कादंबऱ्या लिहायचा. जर्मनीच्या कार्ल मायने तर अमेरिकेत पाऊल न ठेवताच विनेतू हा आदिवासी नायक रंगवला. माणूस जितका लांब, तितका माळ मोकळा दिसत असावा. या कादंबऱ्यांची सारी गंमत दोन गृहीतांवर उभी असते : जमीन मोकळी आहे, आणि कायदा अजून दोन स्टेशनं मागे आहे. अमेरिकी जनगणनेने १८९० मध्ये 'आता सीमारेषा उरली नाही' असं जाहीर केलं, १८९३ मध्ये टर्नर या इतिहासकाराने त्यावर गाजलेला निबंध वाचला आणि ओवेन विस्टरची 'द व्हर्जिनियन' १९०२ मध्ये आली. म्हणजे बेबंद मुलूख कुंपणांनी पुरता बांधला गेल्यावरच त्याच्या साहसकथेला बहर आला.

पण ती दोन्ही गृहीतं तिथेही खोटीच होती. जमिनीवर आदिवासी होते, हे आता वेगळं सांगायला नको. कायद्याचं मात्र सांगायला हवं. होमस्टेड कायदा १८६२ चा. त्याने कुटुंबाला १६० एकर दिले, तेही कागदावर. 'शेन' कादंबरीतले शेतकरी अशाच कागदाच्या भरवशावर बसलेले आहेत आणि त्यांना हुसकणारा गुरांचा मोठा मालक आहे. वायोमिंगमध्ये १८९२ साली हे प्रत्यक्ष घडलं. बड्या गुरेवाल्यांनी बाहेरून बंदूकवाले भाड्याने आणले, जॉन्सन काउंटीतल्या लहान शेतकऱ्यांवर सोडले, आणि ते भाडोत्री उलट वेढ्यात सापडले तेव्हा सरकारी घोडदळाने येऊन त्यांनाच सोडवलं. विस्टरची सहानुभूती कुणाकडे होती? बड्या मालकांकडे. त्याच्या कादंबरीत गुरेचोरांना परस्पर फासावर दिलं जातं आणि एक न्यायाधीशच त्याचं समर्थन करतो. मला ही कादंबरी आवडते, पण ते पान वाचताना तोंड कडू होतं.

आता मावळात या. बोरघाटाच्या माथ्यापासून तळेगावपर्यंतचा हा मुलूख मोकळा कधीच नव्हता. इथल्या डोंगराला किल्लेदार होता, गावाला पाटील, घाटाला जकात आणि रात्रीला जागल्या. जागल्याच्या कामाची रीत एल्फिन्स्टनच्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तपशिलात नोंदवली आहे. चोरी झाली की जागल्या पहाटेच पाऊल शोधायचा आणि माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग शिवेपलीकडे गेला की पुढच्या गावच्या जागल्याला बोलावून पाऊल त्याच्या हवाली करायचं. तिथून जबाबदारी त्याची. माग जिथे विरला, त्या गावाने चोरीची भरपाई द्यायची. लामूरच्या कादंबरीत वाळूतले खूर ओळखणारा एकटा माणूस नायक ठरतो. आपल्याकडे ते बलुत्याचं काम होतं आणि चुकलं तर अख्ख्या गावाच्या खिशाला चाट बसायची.

हे काम करणाऱ्या रामोश्यांची आणि कोळ्यांची वतनं, गडांची राखण कंपनी सरकारने काढून घेतली, तेव्हा बंड झालं. रामोश्यांच्या उमाजी नाईकाला पकडायला सरकारला वर्षानुवर्षं लागली. मध्ये माफी देऊन त्यालाच बंदोबस्ताच्या नोकरीत घेण्याचाही प्रयोग झाला. अखेर ३ फेब्रुवारी १८३२ ला त्याला पुण्यात फाशी दिली. कोळ्यांच्या राघोजी भांगऱ्याला २ मे १८४८ ला ठाण्यात. राखणदार आणि बंडखोर एकाच घरातले, कधी एकच माणूस. बिनकायद्याच्या मुलखात हे लोक भटकत आले नव्हते. नवा कायदा त्यांच्या अंगणात आला आणि त्याने त्यांना बेकायदा ठरवलं.

म्हणून आपल्या बंडाचा रोख तिजोरीपेक्षा कागदावर जास्त राहिला. सुप्याला १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांच्या पेढ्यांत घुसले आणि त्यांनी शोधले ते कर्जरोखे. जिथे रोखे हाती आले तिथे ते जाळले आणि पुष्कळ ठिकाणी सावकाराच्या जिवाला हात लावला नाही. एवढ्या मोठ्या दंग्यात रक्तपात नगण्य होता, याचं चौकशी करणाऱ्यांनाही नवल वाटलं. अमेरिकी कथेतला डाकू असा गठ्ठा फेकून देऊन सोनं शोधत बसला असता. त्यानंतर चारच वर्षांनी उठलेले फडके तर पुण्यातल्या लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. आपला सर्वांत गाजलेला दरोडेखोर कागदांच्या ढिगातून उठून डोंगरात गेला, हे मला फार बोलकं वाटतं.

पुढचं सगळं याच चालीने. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. काम चालू असताना हजारो मजूर साथींनी मेले आणि १८५९ मध्ये गोऱ्या मुकादमांविरुद्ध दंगाही झाला. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या धनगराचं, शिंग्रोबाचं, देऊळ जुन्या रस्त्यावर आहे. साहेबाने वाट कळल्यावर त्यालाच मारलं, अशी आख्यायिका लोक सांगतात आणि ड्रायव्हर गाडी हळू करून नाणं टाकतात. वेस्टर्नमधल्या वाटाड्याला कथा संपेपर्यंत कुणी विचारत नाही. इथे त्याचा देव झाला. मुळशीत १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, तेव्हाही समोर होता भूसंपादनाचा १८९४ चा कायदा. शेवटी सेनापती बापटांनी पिस्तूल हाती घेऊन मजुरांची गाडी अडवली, हे सगळ्यांना आठवतं. पुण्यातल्या सावकारांना त्या जमिनींच्या मोबदल्यातच रस होता, हे फारसं आठवत नाही.

मावळातलं उर्से हे गाव बहुतेकांना टोलनाक्यामुळे माहीत. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला. शिंग्रोबा जुन्या रस्त्यावर राहिला आणि उर्से नव्या रस्त्याच्या काठावर आलं. शिवारात केबलचा कारखाना आहे, पलीकडे तळेगावची औद्योगिक वसाहत, आणि मधल्या पट्ट्यात 'प्लॉट विकणे आहे'च्या पाट्या. याच द्रुतगती मार्गावर बऊरजवळ ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणाचं पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मेले, त्यांत एक बाई. पाणी, रस्ता, बंदूक : झेन ग्रेच्या वेस्टर्न कादंबरीला याहून जास्त सामान लागलं नसतं. पण बऊरला गोळी कायद्याच्या हातून सुटली होती.

या पट्ट्यातून एक खरीखुरी मराठी वेस्टर्न आली, असं मी मानतो : प्रवीण तरडे यांचा २०१८ चा 'मुळशी पॅटर्न'. जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत जातो. ओम भूतकरचा राहुल्या खरा वाटतो, शिव्यासुद्धा त्या मातीतल्या आहेत. माझी तक्रार एवढीच की सिनेमाला कोयत्याची आणि पिस्तुलाची घाई फार. जमीन जाते कशी, हा भाग तो भरभर उरकतो. खरं थरारनाट्य तिथेच आहे. सातबाऱ्यावर कुळाचं नाव कसं चढलं, इसार किती घेतला, मोजणीच्या दिवशी कुणाला मुद्दाम बोलावलं नाही, कुलमुखत्यारपत्रावर आजोबांचा अंगठा कुणी धरला, फेरफार कुठल्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मंजूर झाला. रक्त सांडायच्या कितीतरी आधी खून झालेला असतो आणि त्यावर स्टॅम्पड्युटी भरलेली असते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून कुणी कादंबरी लिहिली, तर राहुल्याची गोष्ट आपोआप कळेल.

अशी कादंबरी लिहिता येते याचा पुरावाही मराठीत आहे, अनुवादाच्या रूपाने. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्ण्यांनी अमेरिकी सीमाप्रदेशातून नेमकं काय उचललं? कॉनरॅड रिक्टरची ओहायोची त्रयी : 'रान', 'शिवार', 'गाव'. यातल्या शेवटच्या कादंबरीला १९५१ चं पुलित्झर मिळालं होतं. बंदुकीची द्वंद्वं हा तिचा विषयच नाही. सेवर्ड नावाची पोरगी घनदाट झाडीत येते, आई मरते, बाप भटक्या निघतो, भावंडं तिच्या गळ्यात पडतात. ती झाडं तोडते, शेत करते, वकील नवरा करते, आणि तिच्याच रानाच्या जागी गाव वाढतं. म्हातारपणी तिला तोडलेल्या झाडांची आठवण छळते. लामूरचा नायक कथा संपली की घोड्यावर बसून निघून जातो. सेवर्ड तिथेच राहते आणि सगळ्याचा हिशेब तिच्यापाशी साठत जातो. जीएंसारख्या अंधाऱ्या कथा लिहिणाऱ्या लेखकाने ही संथ, मातकट त्रयी निवडावी, याचं मला नवल वाटत नाही. नियती बंदुकीच्या नळीत बसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मावळची सेवर्ड कोण, याचं उत्तर माझ्यापाशी आहे. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली, देशभर २००५ मध्ये. नेमक्या त्याच दशकात रस्ता आला आणि भाव चढले. वर्षानुवर्षं भाऊबीजेपुरतं माहेर असलेल्या बहिणींना अचानक गाडी पाठवून बोलावणं येऊ लागलं. साडी, जेवण, आणि जेवणानंतर हक्कसोडपत्र. बहुतेक जणी सही करतात, कारण माहेर तुटायला नको. एखादी करत नाही. मग भाऊ येतो, मग भाऊबंद, मग एजंट, मग गावातला कुणी वजनदार माणूस, आणि शेवटी दोन पोरं, बुलेटवरून, काही न बोलता घरासमोर उभी राहणारी. सही न करणारी बाई घरात भाकरी थापत असते. तिच्याकडे हत्यार नाही, गाव सोडून जायला घोडा नाही, आणि तिच्या नावाशिवाय खरेदीखत पुरं होत नाही. ही कादंबरी मराठीत अजून माझ्या वाचनात आलेली नाही.